प्रेक्षकाचा हात

आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडांगणावरील बास्केटबॉलच्या लांकडी फळ्या काढून त्यांच्या जागीं कांचेच्या फळ्या बसवाव्या असा ठराव झाला, तेव्हां त्यावरून एवढा वाद माजेल असें कोणास वाटलें नव्हतें. माजी विद्यार्थ्यांचे दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, चाळीस वर्षें ज्या फळीवर चेंडू आपटून आमचे संघ तयार झाले, ती उपटून टाकणें म्हणजे घरांतील देव्हारा मोडून त्या जागीं आरसा लावण्यासारखें आहे. दुसरा पक्ष म्हणे, बाहेरचे सगळे सामने कांचेच्या फळीवर होतात. आमचीं मुलें लांकडावर शिकतात आणि परक्या मैदानावर जाऊन चुकतात. शेवटीं दोन्ही पक्षांचे पुढारी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, आपण इतिहास शिकवितां. या खेळाचें मूळ रूप कोणतें तें एकदां सांगून टाका, म्हणजे वाद मिटेल."

इतिहासाच्या शिक्षकास असा मान क्वचितच मिळतो, म्हणून आम्हीं तें काम आनंदानें पत्करलें. परंतु ग्रंथ चाळूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, वाद खरा असला तरी प्रश्न चुकीचा मांडला गेला आहे. ज्या अमेरिकेंत हा खेळ जन्मला, तेथील महाविद्यालयांच्या क्रीडागृहांतहि कडें, फळी, चेंडू किंवा घड्याळ यांपैकीं एकादें साधन बदललें कीं नेमका असाच कलह होतो, आणि प्रत्येक वेळीं कोणी ना कोणी 'मूळ रूपा'ची दुहाई देतो. त्या कलहांचा सव्वाशें वर्षांचा इतिहास या लेखांत थोडक्यांत सांगावा असा आमचा विचार आहे. आमच्या मैदानावरील वादाचा निकाल काय लागला, तें शेवटीं सांगूं.

सन १८९१ च्या हिवाळ्यांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वायएमसीएचें एक शिक्षणविद्यालय होतें. तेथील अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग मोठा हट्टी निघाला होता. थंडीमुळें मैदानी खेळ बंद, आणि दालनांतील कवायतीचा त्यांना वीट आलेला. विद्यालयांतील व्यायामविभागाचे प्रमुख लूथर गुलिक यांनीं जेम्स नाइस्मिथ नांवाच्या तीस वर्षांच्या कॅनडियन शिक्षकास चौदा दिवसांची मुदत देऊन, दालनांत खेळतां येईल असा नवा खेळ शोधून काढावयास सांगितलें. नाइस्मिथनें विचार केला तो असा: जमिनीवरील गोलांत चेंडू जोरानें मारतां येतो, म्हणून दांडगाई माजते, गोल डोक्यावर आडवा टांगला, तर चेंडू कमानीनें व हलक्या हातानेंच टाकावा लागेल. ही कल्पना खास त्याची. पुढचें बरेंचसें योगायोगानें आलें. त्यानें इमारतीच्या रखवालदाराजवळ अठरा इंची दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, पीच फळांच्या दोन करंड्या होत्या, त्याच आल्या. दालनाच्या वरच्या अंगास एक सज्जा होता व त्याचा कठडा जमिनीपासून दहा फूट उंचीवर होता, म्हणून करंड्या तेथें ठोकल्या गेल्या. २१ डिसेंबर १८९१ रोजीं नऊ-नऊ भिडूंचे दोन संघ फुटबॉलच्या चेंडूनें खेळले, आणि सबंध खेळांत चेंडू करंडींत एकदांच पडला.

पेट्या मिळाल्या असत्या, तर आज या खेळास काय नांव पडलें असतें कोणास ठाऊक! सज्जा अकरा फुटांवर असता, तर आज जगांतील सारीं कडीं अकरा फुटांवर दिसलीं असतीं. 'मूळ रूप' म्हणून आपण ज्याची पूजा करूं पाहतों, तें एका रखवालदाराच्या कोठारांत त्या दिवशीं काय शिल्लक होतें आणि एका सुतारानें सज्जा कोठें बांधला होता, यांवर ठरलें. तेथें फळी नव्हती, जाळें नव्हतें, कडेंहि नव्हतें. अर्थात् मूळ रूपाकडे परत जावयाचें म्हटलें, तर आमच्या दोन्ही पक्षांना सारखेंच लज्जित व्हावें लागेल.

मग फळी आली कोठून? येथेंच या इतिहासांतील खरी मौज आहे. करंड्या सज्ज्याच्या कठड्याला होत्या आणि सज्ज्यावर प्रेक्षक होते. खेळाचा लौकिक वाढला तसे सज्जे भरूं लागले. आपल्या संघाचा चेंडू करंडीच्या कांठावर घुटमळूं लागला कीं वरचा उत्साही प्रेक्षक वांकून त्यास हळूच आंत ढकली, आणि प्रतिपक्षाचा असला तर तितक्याच तत्परतेनें बाहेर लोटी. हा हात अडविण्याकरितां पहिल्या चार-पांच वर्षांतच करंडीच्या मागें तारेच्या जाळीचा आडोसा उभारण्यांत आला. आमचे खेळाडू आज ज्यास 'बोर्ड' म्हणतात, त्याची उत्पत्ति ही अशी आहे. फळीवर चेंडू आपटून तो कड्यांत घालण्याची जी कला आपण नवशिक्यास पहिल्याच आठवड्यांत शिकवितों, ती कोणा गुरूनें योजिलेली नाहीं. पाहणाऱ्याच्या अनावर हातानें ती या खेळास दिली.

जाळीनें एक तंटा मिटविला व दुसरा उभा केला. चेंडूच्या माऱ्यानें तारा आंत दबत. आपल्या जाळीस कोठें खोंच आहे, तेथें आपटलेला चेंडू कोणीकडे वळतो, हें घरच्या संघास तोंडपाठ असे. पाहुण्या संघास तें कळेपर्यंत सामना संपलेला असे. या पक्षपाताची ओरड झाली, तेव्हां १९०४ सालीं फळी लांकडाची किंवा तशाच न दबणाऱ्या पदार्थाची असावी असा नियम झाला. आतां न्याय झाला खरा. पण लांकडाच्या आड बसलेल्या प्रेक्षकाचें काय? पैसे देऊन आलेल्या त्या बिचाऱ्यास फळीची पाठ तेवढी दिसे. म्हणून पांच-एक वर्षांतच जाड कांचेच्या फळीस परवानगी मिळाली. पुढें फळ्या पांढऱ्या रंगविण्याचा नियम आला. १९४० सालीं पंख्याच्या आकाराची लहान फळी मान्य झाली. आणि १९४६ च्या सुमारास महाविद्यालयीन खेळांत पारदर्शक फळीस पुन्हां मान्यता मिळाली. तात्पर्य, लांकूड हें सनातन व कांच ही आधुनिक, हा आमच्या मित्रांचा समज खरा नाहीं. दोहोंच्या वयांत फार तर पांच वर्षांचें अंतर आहे, आणि दोन्ही एकेका तक्रारीच्या पोटीं जन्मलीं. लांकूड आलें तें पाहुण्या संघाच्या तक्रारीवरून, कांच आली ती मागें बसलेल्या प्रेक्षकाच्या तक्रारीवरून.

प्रेक्षकास दूर कसें ठेवावें हा प्रश्न त्या काळीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला गेला. मूळ नियमाप्रमाणें मर्यादेबाहेर गेलेला चेंडू जो प्रथम हस्तगत करील त्याचा, त्यामुळें खेळाडू चेंडूमागें थेट लोकांच्या अंगावर धांवत. न्यू जर्सीमधील ट्रेंटन येथें १८९६ सालीं धंदेवाईक खेळाडूंच्या मैदानासभोंवतीं पिंजराच उभारला गेला. तो पिंजरा कित्येक वर्षें टिकला, आणि बास्केटबॉलच्या खेळाडूस 'केजर', म्हणजे पिंजऱ्यांतला, असें म्हणण्याची रूढि इंग्रजी वृत्तपत्रांत त्यानंतरहि राहिली. याच्या उलट नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें आपल्या विद्यार्थिनींकरितां हा खेळ सुरू केला. २२ मार्च १८९३ रोजीं तेथें पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, त्या वेळीं पुरुषांस प्रवेशच नव्हता. बाईंनीं मैदानाचे तीन भाग पाडले आणि हिसकाहिसकी वर्ज्य केली. त्या काळच्या समजुतीप्रमाणें स्त्रियांना झेपेल असा तो खेळ होता, असें आज कोणी हंसून म्हणेल. परंतु ज्या काळीं मुलीनें धांवणें हेंच आक्षेपार्ह होतें, त्या काळीं दार बंद करूनच तिला मोकळेपणा देतां आला, हेंहि विसरूं नये. पुढें १९८४-८५ च्या हंगामापासून अमेरिकेंतील महाविद्यालयीन स्त्रियांसाठीं किंचित् लहान, साडेअठ्ठावीस इंच घेराचा चेंडू आला. लहान चेंडू देणें हा मान कीं अपमान, हा प्रश्न त्याबरोबर आलाच. पण तो चेंडू हातांत नीट बसतो आणि त्यामुळें कौशल्यास अधिक वाव मिळतो, हें खेळणाऱ्या मुलींच्या हातांनींच दाखवून दिलें.

चेंडूचीच गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतों. आरंभींचा फुटबॉल जाऊन खास बास्केटबॉलचा चेंडू आला, तरी त्यास पादत्राणासारखी नाडी असे, आणि नाडीवर आपटलेला चेंडू कोठेंहि उडे. १९३० नंतरच्या दशकांत ती नाडी गेली. तथापि चेंडूचा रंग गडद तपकिरीच होता, आणि मोठ्या क्रीडागृहांत दूरच्या रांगांतून तो लांकडी जमिनीपासून वेगळा ओळखूं येत नसे. इंडियानापोलिस येथील बटलर विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी हिंकल यांनीं एका कारखान्याच्या साहाय्यानें नारिंगी चेंडू सिद्ध केला, आणि १९५८ सालीं लुइव्हिल येथें महाविद्यालयांच्या अंतिम स्पर्धेंत त्याची परीक्षा झाली. आज बास्केटबॉल म्हटला कीं डोळ्यांपुढें जो नारिंगी गोल उभा राहतो, त्याचें वय अजून शंभरहि नाहीं. ज्या बटलर क्रीडागृहांत ते शिकवीत त्यास १९६६ सालीं हिंकल यांचें नांव देण्यांत आलें. १९२८ सालीं बांधलेली ती वास्तु जुन्याच्या अभिमान्यांना तीर्थासारखी वाटते. पण तिला ज्याचें नांव आहे, त्यानेंच चेंडूचा जुना रंग घालविला!

साधनांविषयीं निष्काळजीपणा केला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनें घालून दिलें. बास्केटबॉलचा त्या जागतिक मेळाव्यांत तो पहिलाच प्रवेश. वृद्ध नाइस्मिथ स्वतः पाहावयास आले होते. परंतु यजमानांनीं सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर ठेवले. अंतिम सामन्याच्या दिवशीं पाऊस कोसळला, मैदानांत तळें झालें, चेंडू आपटावा तो उसळेना. अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. एवढे गुण तर साध्या सामन्यांत अर्ध्या वेळाच्याहि आधीं होतात. त्याच बर्लिनमध्यें त्याच वर्षीं अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक आपले देशी खेळ दाखवावयास गेलें होतें. आमच्या खेळांना माती ही आई. बास्केटबॉलला तीच माती वैरीण झाली. साधन व भूमि हीं खेळाच्या बाहेरचीं नसतात, हें ज्यांना पटत नसेल त्यांनीं तो सामना आठवावा.

यानंतरचा मोठा कलह कड्याविषयींचा. उंच खेळाडू उडी मारून चेंडू वरून कड्यांत कोंबूं लागले, त्यास 'डंक' म्हणतात. लॉस अँजेलिसच्या विद्यापीठांत ल्यू अल्सिंडर नांवाचा सव्वासात फुटी तरुण, जो पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें विख्यात झाला, तो १९६७ सालीं आपल्या संघास अजिंक्यपद मिळवून देतांच महाविद्यालयीन नियामकांनीं डंकवर बंदी घातली. कडीं वांकतात, फळ्या मोडतात, खेळाडू जखमी होतात, अशीं कारणें सांगण्यांत आलीं. परंतु हें कौशल्य विशेषतः कृष्णवर्णी खेळाडूंचें आहे म्हणून तें नियामकांना खुपतें, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें, आणि तें वाटणें निराधार म्हणवत नाहीं. नऊ हंगाम बंदी टिकली. अल्सिंडरचा संघ पुढचीं दोन वर्षेंहि अजिंक्यच राहिला. १९७६-७७ पासून बंदी उठली. आणि १९७९ च्या नोव्हेंबरांत धंदेवाईक खेळांत कॅन्सस सिटी येथें डॅरिल डॉकिन्स या धिप्पाड खेळाडूनें डंक मारतांच कांचेची फळी चुरा होऊन सर्वांच्या अंगावर पडली. तीन आठवड्यांनीं त्यानें फिलाडेल्फियांत दुसरी फोडली.

नियामकांनीं ज्याकरितां मनाई केली होती, तें संकट एका सामान्य माणसानें निराळ्या रीतीनें निवारलें. इलिनॉय संस्थानांतील धान्याच्या कोठारावर काम करणारा आर्थर एराट हा स्वतः खेळाडू नव्हता. त्याचा एक भाचा महाविद्यालयीन संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता, त्याच्या तोंडून त्यानें ही अडचण ऐकली. शेताच्या मशागतीच्या यंत्रांतील एक जाड स्प्रिंग घेऊन त्यानें असें कडें केलें कीं, भार पडतांच तें खालीं वांकतें आणि भार उठतांच पूर्वस्थळीं येतें. १९८२ सालीं त्यास एकस्व मिळालें, आणि त्या दशकांत वांकणारीं कडीं सर्वत्र झालीं. आम्हांस हा प्रसंग या सबंध इतिहासांत अत्यंत बोधप्रद वाटतो. माणसाच्या अंगीं नवी शक्ति दिसली असतां साधन वांचविण्याकरितां माणसास बांधावें, कीं माणसाकरितां साधनास वांकावयास शिकवावें? विद्वानांच्या समितीनें पहिला मार्ग धरला. कोठारावरच्या माणसानें दुसरा.

घड्याळाचीहि कथा अशीच. २४ फेब्रुवारी १९७९ रोजीं ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन क्रीडागृहांत नॉर्थ कॅरोलायनाच्या संघानें, नियमांत मनाई नसल्यामुळें, चेंडू नुसता आपसांत फिरवीत ठेवला. अर्धा वेळ संपला तेव्हां गुणसंख्या ७ विरुद्ध ० होती! उत्तरार्धांत खेळ झाला आणि ड्यूकनें ४७ विरुद्ध ४० असा विजय मिळविला; पण पाहणाऱ्यांच्या सहनशीलतेचा अंत झाला होता. धंदेवाईक संघांत १९५४ पासूनच चेंडू मिळाल्यावर चोवीस सेकंदांत फेंकण्याचें बंधन होतें, महाविद्यालयीन स्त्रियांच्या खेळांतहि तीस सेकंदांची मर्यादा रूढ होती. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांत मात्र १९८५-८६ मध्यें पंचेचाळीस सेकंदांचें घड्याळ आलें, आणि तें कमी होत होत २०१५ मध्यें तिसांवर आलें. घड्याळामुळें संथ, विचारी खेळ मेला असें जुने प्रशिक्षक म्हणत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. कमकुवत संघाचें एक शस्त्र त्यानें काढून घेतलें खरेंच. प्रत्येक सुधारणेंत असा कोणाचा तरी तोटा असतो. तो मोजल्याशिवाय सुधारणेचा जयजयकार करणें बरें नव्हे.

क्रीडागृहाच्या रचनेनेंहि पक्षपात होऊं शकतो. टेनेसीमधील व्हँडरबिल्ट विद्यापीठानें १९५२ सालीं जें क्रीडागृह उघडलें, त्यांत खेळाची जमीन रंगमंचासारखी उंच केली आणि प्रशिक्षकांचीं बांकें बाजूस न ठेवतां दोन्ही टोकांस, कड्यांच्या मागें, ठेवलीं. खेळ दूरच्या टोकास गेला कीं प्रशिक्षकाचा आवाज खेळाडूंपर्यंत पोंचत नसे. घरच्यांना ती संवय, पाहुण्यांना ती अडचण. पाहुण्यांनीं कुरकुरावें आणि घरच्या लोकांनीं तिला वास्तूची जादू म्हणावें, हें वर्षानुवर्षें चाललें. दबलेल्या तारेच्या जाळीची ती धाकटी बहीणच म्हणावयाची.

आतां शेवटचें उदाहरण, आणि आमच्या मतें सर्वांत विचार करावयास लावणारें. नाइस्मिथ १८९८ सालीं कॅन्सस विद्यापीठांत गेले व १९३९ मध्यें मरेपर्यंत त्या गांवींच राहिले. त्यांचा शिष्य फॉरेस्ट ॲलन हा पुढें त्या विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक झाला. उंच खेळाडूंस कडें फार सुलभ झालें आहे, तें दहा फुटांवरून बारा फुटांवर न्यावें, असा त्याचा आग्रह होता, व तो त्यानें अनेक वर्षें धरला. युक्तिवाद बिनतोड होता. दहा फूट ही उंची तर एका सज्ज्याच्या योगायोगानें ठरलेली! तरीहि कोणीं ऐकलें नाहीं. १ मार्च १९५५ रोजीं विद्यापीठानें प्रचंड क्रीडागृह उघडून त्यास ॲलनचेंच नांव दिलें. पुढें विल्ट चेंबरलेनसारखा सात फुटी खेळाडू त्याच जमिनीवर खेळला. आणि तेथील कडीं आजहि दहा फुटांवरच आहेत. नाइस्मिथच्या तेरा नियमांचे मूळ टंकलिखित कागद २०१० सालीं लिलांवांत ४३ लक्ष डॉलरांस विकले गेले. एका माजी विद्यार्थ्यानें ते घेतले, आणि आज ते त्या क्रीडागृहाशेजारींच ठेवलेले आहेत. त्या नियमांत कड्याच्या उंचीचा उल्लेखहि नाहीं. जें लिहिलें होतें त्यांतील पुष्कळसें बदललें. जें लिहिलेंच नव्हतें तें मात्र टिकलें.

असें कां व्हावें? आम्हांस जें उत्तर सुचतें तें असें. एकाद्या साधनास जुनें म्हणून अधिकार येत नाहीं. त्यावर माणसांनीं किती श्रम केले आहेत, त्यावरून तो येतो. दहा फूट ही उंची आरंभीं योगायोग होती; परंतु कोट्यवधि मनगटांनीं, शाळांच्या आवारांत, गल्लींत, तुरुंगांत, छावण्यांत, ती उंची मोजून घेतली आहे. ती हलविणें म्हणजे त्या सर्वांचें संचित बुडविणें होय. तारेची खोंच हीहि एक जुनी वस्तुच होती व घरच्या संघानें तिच्यावरहि श्रम केले होते. पण तो श्रम दुसऱ्यास अंधारांत ठेवून केलेला होता. म्हणून खोंच गेली आणि दहा फूट राहिले. नव्या साधनानें सर्वांचें संचित राखलें, दोन्ही बाजूंस सारखें वागविलें, आणि मागच्या रांगेंतल्यास खेळ दिसूं दिला, तर तें स्वीकारावें. एरवीं त्यास जाब विचारावा. आणि हा जाब विचारण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे. ज्या खेळांतील फळी त्याच्या हातामुळें आली, त्या खेळांत त्यानें फक्त टाळ्या वाजवाव्या असें कोणीं म्हणूं नये.

हें विवेचन आपणांस परकें वाटावयाचें कारण नाहीं. मद्रासेंत १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं वायएमसीएचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें, तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांबरोबर हा खेळ आपल्या शाळा-महाविद्यालयांत पसरला; मुंबईच्या नागपाड्यांत तर तो असा मुरला कीं त्या दाट वस्तींतून देशाच्या संघांत खेळणारे खेळाडू निघाले. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, तेव्हां झालेला वाद आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मातींत पायाची पकड घेणाऱ्या चढाईपटूचें संचित त्यांत बुडालें कीं नाहीं, मॅट परवडत नाहीं अशा खेड्यांतल्या मुलाचें काय, हे प्रश्न वरील कसोट्यांनीं तपासून पाहण्याजोगे आहेत.

असो. आमच्या मैदानाचा निकाल सांगण्याचें वचन दिलें होतें. आम्हीं वरील सारी हकीकत दोन्ही पक्षांस सांगितली. नवपक्ष अर्थातच प्रसन्न झाला. जुन्या पक्षाचे पुढारी, एके काळचे आमचे उत्तम खेळाडू, आतां साठीच्या घरांत आलेले, ते थोडा वेळ स्वस्थ बसले व म्हणाले, "फळी न्या, सर, पण कडें आमचें दहा फुटांचें होतें, तें तसूभर हलवूं नका." तें आम्हीं मान्य केलें. दुसऱ्या दिवशीं खांब उपटण्यापूर्वीं उंचीची नोंद करावी म्हणून टेप लावली, आणि ती भरली नऊ फूट साडेआठ इंच! दोनदां मोजली, तीच. कारण उघड होतें. मैदान मुरुमाचें, दर पावसाळ्यानंतर त्यावर नवा थर पडे, रोलर फिरे, आणि खांब मात्र जागच्या जागीं. चाळीस वर्षांत जमीन साडेतीन इंच वर आली होती, आणि ती कोणाच्या लक्षांतहि आली नव्हती. आमच्या मैदानावर पाहुणा संघ क्वचितच जिंके, याचा आम्हां सर्वांस मोठा अभिमान होता. त्या अभिमानाचा कांहीं अंश त्या मुरुमांत होता, हें कबूल करणें भाग आहे.

कांचेच्या फळ्या बसल्या. कडें दहा फुटांवर गेलें. उद्घाटनाचा चेंडू आम्हीं त्याच वृद्ध खेळाडूंच्या हातीं दिला. त्यांनीं तो आपल्या जुन्या ऐटींत टाकला, आणि तो कड्याच्या पुढच्या कांठास लागून खालीं आला. भोंवतालचीं मुलें हंसलीं. त्यांनीं कोट काढून बांकावर ठेवला, चेंडू परत मागितला, आणि संध्याकाळ होईपर्यंत ते टाकीत राहिले.